निसटलेलें काम

सेवानिवृत्त शिक्षकाला स्वस्थ बसवत नाहीं, हें आमच्या घरच्या मंडळींना पुरतें ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यांत आमचा पुतण्या पुण्याहून हेदवीस आला, तो आपलें काम बरोबर घेऊनच. संस्कृत वाक्यांतले संधि सोडवून दाखविणारा एक प्रोग्रॅम तो आठ महिने लिहीत होता. त्यांतले नियम त्यानें आमच्याकडूनच एकेक करून समजून घेतले होते. त्यामुळें आमचेंहि मन त्यांत गुंतलें होतें.

एके सकाळीं झोपाळ्यावर बसावयास जागा करावी म्हणून आम्हीं त्याची चालू हार्ड डिस्क उचलली, ती हातांतून निसटून फरशीवर पडली. आंतून टक् टक् असा आवाज येऊं लागला. घाबरून आम्हीं ती दोनदां बंद करून पुन्हां सुरू केली. खरी चूक ती हीच. आंत फिरणाऱ्या तबकडीवरून वाचणारें शीर्ष केसाच्या जाडीहूनहि कमी अंतरावर तरंगत असतें. तें बिघडलें, तर प्रत्येक वेळीं तबकडी खरवडण्याचा धोका. अशा डिस्कवरचा मजकूर चुकून पुसला, तर बहुधा अनुक्रमणिकेंतली नोंद तेवढी जाते, पानें कांहीं काळ राहतात. येथें पानेंच फाटलीं होतीं.

पुतण्या एक अक्षरहि बोलला नाहीं. सायंकाळीं आम्ही दशभुज गणपतीच्या देवळांत जाऊन बसलों, तरी मन स्थिर होईना.

पुण्याच्या जाणकारांनीं धूळरहित खोलींत डिस्क उघडून निम्म्याहून थोडें अधिक काम परत मिळविलें. उरलेलें कोठून आणावें? तेव्हां आम्हीं कपाटांतली आमची वही काढली. त्याला शिकवितांना प्रत्येक नियम आम्हीं तींत उदाहरणांसह उतरून ठेवला होता. तीन आठवडे काका-पुतणे ओटीवर समोरासमोर बसलों. आम्हीं वाचावें, त्यानें लिहावें.

१९९८ सालीं अमेरिकेंत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचें बरेंच काम एका चुकीच्या आज्ञेनें पुसलें गेलें. राखीव प्रतहि सदोष निघाली. तान्हें मूल सांभाळीत घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या संगणकावरील प्रतीनें तें वाचलें. आमच्या वैदिकांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. एकच मंत्र पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनीं म्हणावयाचा, म्हणजे एकींतली चूक दुसरींत उघडी पडते. आणि म्हणणारेहि एका गांवचे नव्हेत, अनेक गांवचे.

आतां पुतण्या तीन प्रती ठेवतो. पुण्यास परततांना आम्हीं वही पुढें केली, तर म्हणाला, "काका, चौथी प्रत तुमच्याकडेच असूं द्या."

त्या दिवशीं आम्हांस जेवण गोड लागलें.