मुळं वर करून

अण्णा गेले त्या पौषात मोगऱ्याची छाटणी राहून गेली. संक्रांत झाली की ते कात्री घेऊन कुंड्यांपाशी बसायचे. सोनचाफा, अनंत, दोन जास्वंदी, मोगऱ्याच्या सात कुंड्या आणि कोपऱ्यातली सिमेंटची टाकी. जन्मभर दुसऱ्यांच्या बागा राखलेल्या माणसाची स्वतःची बाग एवढीच होती. "घड्याळ बघून पाणी घालू नकोस पोरी," म्हणायचे, "पेरभर बोट मातीत घाल. कोरडं लागलं तरच घाल."

टाकीत जलपर्णी असायची. मी पाचवीत असताना कुठल्याशा बंगल्यातून त्यांनीच तीन रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती. देठ बाळाच्या गालासारखा फुगीर. चिमटीत दाबला की फट्कन हवा सुटायची. पाण्याखाली काळपट जांभळी, पिसासारखी मुळं. आणि फूल! फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, त्यातल्या वरच्या पाकळीवर निळ्या डागात पिवळा ठिपका, थेट मोरपिसाचा डोळा. दिवस-दोन दिवसांत फूल सुकायचं आणि दांडा मान वाकवून पाण्यात शिरायचा. अण्णा तो कापायला आले की मी आडवी पडायचे. "राहू द्या ना अण्णा, लाजलंय ते." मग कात्री खिशात जायची.

रोपं मात्र आवरत नव्हती. आडव्या दांड्याला पिल्लू फुटायचं, त्याला दुसरं. उबदार हवेत पंधरा दिवसांत दुप्पट. एका पावसाळ्यात आई म्हणाली, जास्तीची काढून टाक. मी घमेलंभर रोपं नेऊन घरामागच्या ओढ्यात सोडली. एकामागून एक डुलत निघाली, मी काठावरून टाळ्या वाजवल्या. तो ओढा रामनदीला मिळतो आणि रामनदी पाषाण तलावाला.

पाषाण तलाव म्हणजे अण्णांचा रविवार. पहाटे मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. हिवाळ्यात थापट्या बदकं, चक्रवाकाची एखादी जोडी, वारकऱ्यांचे थवे. त्यांचा जीव मात्र टिबुकलीवर. मुठीएवढा पक्षी बुडी मारायचा, अण्णा श्वास रोखून उभे राहायचे आणि तो कुठे वर येईल ते बोटाने आधीच दाखवायचे. बहुतेक वेळा बरोबर असायचे.

पुढे वस्ती वाढली, नदीतून सांडपाणी यायला लागलं आणि त्या खतावर तलाव हिरवा होत गेला. लांबून बघणाऱ्याला लॉन वाटावं असा. त्या हिरवळीखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, मुळांना डासांच्या अळ्या चिकटून वाढतात. जांभळ्या पाणकोंबड्या मात्र खुशाल त्या गालिच्यावरून चालायच्या, कमळपक्षीही. एक नवखा म्हणाला, पक्षी आहेत की! अण्णा म्हणाले, "बुडी मारणारे कुठे आहेत?" टिबुकलीला उघडं पाणी लागतं.

गावाकडच्या माणसासारखं तेही जलपर्णीला मग केंदाळच म्हणायला लागले. दक्षिण अमेरिकेतलं हे झाड फुलासाठी आणलं गेलं आणि पुढे त्यापायी 1936 साली बंगालमध्ये कायदा करावा लागला, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. बंगळुरूच्या तळ्यांत 1980 च्या दशकात तिच्यावर सोंडकिडे सोडले, हेही. फूल बघून आणणारे आपण एकटेच नव्हतो, याचं त्यांना समाधान वाटलं नाही. एका सकाळी त्यांनी आमची टाकी उपसली, रोपं गच्चीवर मुळं वर करून पसरली आणि पार कुरकुरीत झाल्यावरच खतात घातली. त्यानंतर रविवारी गमबूट घालून श्रमदानाला जायचे. ओलं केंदाळ म्हणजे बहुतेक पाणीच, एका माणसाला भारा उचलत नाही. काढलेला ढीग काठावर राहिला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "पहिल्या सरीला परत आत जाईल. लांब टाका, मुळं वर करा."

तलाव काही माझ्या घमेल्यानं भरला नाही. सांडपाणी थांबल्याशिवाय केंदाळ हटणार नाही, हेही कळतं. तरी संध्याकाळी चिखलानं माखलेले त्यांचे पाय धुवायला पाणी देताना ओढ्याची गोष्ट दर वेळी ओठांवर यायची. सांगितली नाही.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "टिबुकल्या आल्या का गं?" तलावावर मी दोन महिने फिरकले नव्हते. "आल्या," म्हटलं. त्यांनी चादरीवरून हात पुढे नेला, बोट एका जागी टेकवलं आणि थांबले.

रिकामी टाकी तशीच राहिली. तळाशी अण्णांनी न खरवडलेला वीतभर गाळ, भेगा पडलेला. यंदा मृगाच्या पावसानं त्यात चार बोटं पाणी साठलं. आषाढात बघते तर हिरवे ठिपके, नखाएवढ्या पानांचे. केंदाळाचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं तग धरतं. मी कापू न दिलेल्या फुलांचंच हे बी.

अकरा रोपं निघाली. एकेक मुळासकट उचललं, बोटांनी गाळ चाचपला, आणखी एक सापडलं. ऊन पडायची वाट बघत बसले. मग बारा रोपं गच्चीवर नेऊन पसरली, मुळं वर करून.