कवडी

(बी. ए. भाग २)

कापूस वेचायला डोळे लागत नाहीत, बोटे लागतात, असे माझी आजी म्हणायची. लहानपणी मला ते खरेच वाटे. दव वाळले, की बायांची रांग पऱ्हाटीत शिरायची. आजी दोन ओळी धरायची, आई दोन, आणि त्यांच्या मधे मी एक. आजीचे दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर पडत आणि कापूस असा अलगद निघे, की वाळलेल्या पानाचा कणसुद्धा त्याला चिकटत नसे. साऱ्या रांगेत तिची ओटी आधी भरायची. राजुरा तालुक्यातल्या काळ्या मातीत तिने पन्नासेक हंगाम तरी वेचले असतील. एकही स्वतःच्या वावरात नाही.

डोळे लागत नाहीत हे खोटे होते. मी बारावीला असताना, दिवाळीच्या सुट्टीत ते मला कळले. आजी माझ्या शेजारच्याच ओळीत होती. वेचून रिकाम्या झालेल्या बोंडावर तिचा हात पुन्हा गेला, चाचपडला, आणि पुढच्या बोंडावर गेला. थोड्या वेळाने तसेच पुन्हा. मी तिच्या ओटीत पाहिले. पांढऱ्या कापसात किडकी कवडी होती, पानांचा चुरा होता. आजीच्या ओटीत कवडी! मी काही बोलणार, तोच ती हळूच म्हणाली, "पोरी, कोणाले सांगजो नोको. यंदा तुहं बारावीचं वर्ष आहे. माहा हात बंद झाला, तं पयले तुहं कॉलेज बंद होईन."

आणि मी सांगितले नाही.

वाचकहो, हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले. कॉलेजच्या अंकासाठी काहीतरी लिहा असे सरांनी सांगितले, तेव्हा पावसाळ्यावर लिहावे, आपल्या वर्धा नदीच्या पुरावर लिहावे, असे खूप विषय मनात आले. पण पेन हातात घेतला, की ती कवडीच डोळ्यापुढे येई. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. त्या शिक्षणाचे पैसे कुठून येत होते ते मला ठाऊक होते. ते पैसे मिळवणाऱ्या बाईला दिसत नाही, हेही ठाऊक होते. मी गप्प राहिले, कारण गप्प राहण्यात माझा फायदा होता. याला दुसरा शब्द माझ्यापाशी नाही.

दोन वर्षे अशी गेली. या काळात आजीने आंधळेपण लपवायच्या शंभर युक्त्या केल्या. चहा ओतताना ती कपात बोट धरायची. तांदळातले खडे मला निवडायला लावायची आणि म्हणायची, "कॉलेजात गेली म्हणून घरचं काम सोडशीन का?" समोरून कोणी आले, की आधी आपण बोलायचे नाही, त्याचा आवाज ओळखायचा, मग नाव घ्यायचे. डोळ्याला पाणी आले, की दोष सास्तीच्या खाणीकडून येणाऱ्या कोळशाच्या धुळीला. धूळ बिचारी काय बोलणार!

गेल्या दिवाळीनंतर मात्र तिने ओतलेला चहा कप सोडून माझ्या धाकट्या भावाच्या पायावर गेला. पाय चांगलाच पोळला. आजी म्हणाली, "हात सरकला." कोणीच काही बोलले नाही. रात्री भाऊ झोपल्यावर आई परसात बसून रडत होती. मी जवळ गेले आणि सारे सांगून टाकले. आईने डोळे पुसले नि म्हणाली, "मले दोन सालापासून ठाऊक आहे."

वावरात काट्यावर कापूस मोजायच्या आधी आजीचे गाठोडे सोडून त्यातली कवडी नि पत्ती आई निवडून काढत होती! मालकाने कुरकुर करू नये म्हणून. कमी भरलेले वजन ती स्वतःच्या गाठोड्यातला कापूस घालून पुरे करत होती. बाबांनाही ठाऊक होते. ते म्हणत, म्हातारपण आहे. म्हणजे घरातल्या प्रत्येकाला माहीत होते आणि प्रत्येकजण ते दुसऱ्यापासून झाकून ठेवत होता. आजी मात्र समजत होती, की तिचे गुपित फक्त नातीजवळ आहे.

मग राजुऱ्याला नेत्रतपासणीचे शिबिर आले. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी टाकली आणि विचारले, "आजी, इतके दिवस कुठे होता?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुरता पिकलेला, डावा पिकायला आलेला.

आमच्याकडे म्हणतात, पिकल्याशिवाय मोतीबिंदू काढत नाहीत. आमच्या शेजारचे एक काका तर आजीला वर्षभर हेच सांगत आले होते. मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ती जुन्या काळची गोष्ट, आणि त्या काळी ती खरीच होती. पूर्वी डोळ्यातले गढूळ झालेले भिंग आवरणासकट अख्खेच्या अख्खे काढत. मग डोळ्यात भिंगच नाही, म्हणून बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. असा चष्मा लावण्यापेक्षा अजून थोडे दिसते आहे तोवर थांबलेले बरे, असा तो हिशेब होता. आता गढूळ भाग काढून आवरण जागेवरच ठेवतात आणि त्याच्या आत नवे भिंग बसवतात. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली, की काढावा. उलट फार पिकू दिला, तर आतला द्रव झिरपून डोळ्याचा दाब वाढतो, डोळा दुखू लागतो आणि कधी कधी कायमचा जातो. आमच्या गावात एका बाईचा डोळा 'ऑपरेशननं' गेला असे लहानपणापासून ऐकत होते. तिने ऑपरेशनच्या आधी वर्षभर डोळ्यात कसल्याशा पाल्याचा रस घातला होता, ही अर्धी गोष्ट मात्र कोणी सांगत नव्हते.

शस्त्रक्रिया सेवाग्रामला, फुकट. पण फुकट या शब्दाचा अर्थ मला त्या आठवड्यात नीट कळला. कापसाची दुसरी वेचणी ऐन भरात. आजीची मजुरी बुडणार, तिच्याबरोबर जाणाऱ्याची बुडणार. आई गेली तर चूल कोणाची? बाबा गेले तर रोज कोणाचा? एवढ्या दिवसांत डोळ्याचे औषध नव्हते म्हणून नव्हे, बरोबर जायला माणूस नव्हते म्हणून आजी आंधळी झाली. माझी चाचणी परीक्षा होती. मी चाचणी सोडली. कोणी मला त्याग वगैरे म्हणू नये. दोन वर्षांच्या उधारीतला तो पहिला हप्ता होता.

राजुऱ्याहून एस. टी.ने बल्लारशा, तिथून रेल्वे. कंडक्टरने आजीचे आधार कार्ड पाहून तिकीट अर्धेच फाडले. बायकांना २०२३ पासून अर्धेच आहे म्हणा. कार्डावर आजीचा जन्म १ जानेवारीचा आहे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या १ जानेवारीलाच जन्मल्या आहेत. गाडीत आजी खिडकीशी बसली आणि स्टेशन आले, की मला नाव विचारायची. चांदा, भांदक, वरोरा, हिंगणघाट. वरोरा आल्यावर मी सांगितले, की इथेच आनंदवन आहे, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नाव कमावलेले डॉ. तात्याराव लहाने इथे येऊन मोतीबिंदूची शिबिरे घेत. लातूरकडच्या माकेगावच्या गरीब घरातला मुलगा, एक लाखाहून अधिक डोळे उघडले त्यांनी. आजीने विचारले, "त्याइची माय होती का तवा?" मी सांगितले, होती, आणि मुलाची किडनी निकामी झाली तेव्हा तिनेच त्याला आपली दिली. आजी हिंगणघाटपर्यंत काही बोलली नाही.

सेवाग्रामला आमच्यासारखीच माणसे होती. धोतरे, नऊवारी, पिशव्यांत बांधलेल्या भाकरी. रक्तदाब, साखर, मग एका यंत्राने डोळ्याची लांबी मोजली. कोणाच्या डोळ्यात किती नंबरचे भिंग बसवायचे ते यावरून ठरते. बाहुली मोठी व्हावी म्हणून थेंबावर थेंब. डोळ्याच्या कडेला सुई देतात हे कळल्यावर आजीने माझा हात इतका आवळला, की बांगडी फुटली. ती आत गेली आणि अर्ध्या तासाच्या आत बाहेर आली. पन्नास हंगामांच्या बाईचे काम अर्ध्या तासात!

रात्री वऱ्हांड्यात मला झोप येईना. मोबाईलवर वाचत बसले. पुढे आमच्या ग्रंथालयात आणखी वाचले. गढूळ भिंग सुईने बाजूला ढकलून द्यायची रीत आपल्याकडे सुश्रुताच्या ग्रंथात आहे. ते बाहेर काढायचे धाडस फ्रान्सच्या दाव्हिएल नावाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये केले. पण मला आवडली ती हॅरॉल्ड रिडली यांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची ऍक्रिलिकची काच फुटून तिचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. रिडलींच्या लक्षात आले, की हे कण डोळ्यात वर्षानुवर्षे राहिले तरी डोळा सुजत नाही. मग याच पदार्थाचे भिंग का करू नये? १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ते बसवले. डोळ्यातून वस्तू काढायची असते, घालायची नसते, असे म्हणून मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वर्षानुवर्षे विरोध केला. म्हातारपणी खुद्द रिडलींच्या डोळ्यांतही तसेच भिंग बसवावे लागले.

शोध लागला म्हणून तो राजुऱ्यापर्यंत पोचतो असे नाही. परदेशी भिंगाची किंमत एके काळी शंभर डॉलरच्या घरात होती. मदुराईला १९७६ मध्ये डॉ. वेंकटस्वामींनी अकरा खाटांवर अरविंद नेत्रालय सुरू केले. त्यांची बोटे संधिवाताने वाकडी झालेली होती, त्याच बोटांनी ते शस्त्रक्रिया करत. त्यांच्या संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंग आपल्या देशातच बनवले आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. तिकडे नेपाळात डॉ. संदुक रुइत यांनी डोंगरातल्या खेड्यांत जाऊन हेच काम केले. अंधत्वासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखणारा पहिला देश आपला, तोही १९७६ सालीच. तरीही २०१५ ते २०१९ या काळातल्या सरकारी पाहणीत, पन्नाशी ओलांडलेल्या आंधळ्या माणसांपैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूनेच आंधळी होती. जगात मोतीबिंदूने नजर अधू झालेली माणसे जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ९ कोटी ४० लाख. आणि बहुतेक गरीब देशांत बाया पुरुषांच्या मागे राहतात. हे वाचून मला नवल वाटले नाही. आमच्या घरी बाबांचा दात दुखला, तर दुसऱ्या दिवशी दवाखाना असतो.

सकाळी पट्टी सोडली. बाकीच्या म्हाताऱ्या रडत होत्या, हात जोडत होत्या. मलाही वाटले, आता आजी माझ्या गालावरून हात फिरवील. ती डोळे मिचकावून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली,

"हा कायचा वण?"

माझ्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, बोटभर लांब वण आहे. दहावीत शाळेतून येताना सायकलवरून पडले होते, टाके पडले होते. आजी घाबरेल म्हणून आम्ही सांगितले होते, थोडेसे खरचटले.

"तू तं म्हणली होती, खरचटलं."

मी मनात महिने मोजले. चार वर्षांहून जास्त! मला वाटत होते, मी दोन वर्षांपूर्वी तिचे गुपित पकडले. तिला त्याच्याही दोन वर्षे आधीपासून माझे तोंड धड दिसत नव्हते. माझा दहावीचा निकाल, मी निरोपसमारंभाला नेसलेली तिची लुगड्याएवढी जुनी साडी, "लय साजरी दिसते" म्हणाली होती ती... कशावरून म्हणाली होती?

मला रडू आले. आजी चिडून म्हणाली, "माह्या डोळ्यात पाणी जाऊ देऊ नोको म्हणते डाक्तर, अन् तूच रडते."

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस वाईट गेले. वाकायचे नाही, डोक्यावरून पाणी नाही, चुलीच्या धुराजवळ जायचे नाही, थेंब वेळच्या वेळी. काळा चष्मा लावून ती ओट्यावर बसे आणि एकेक गोष्ट तिला दिसू लागे. भिंतीचा पोपडा. बाबांचे पांढरे केस. माझ्या भावाच्या पायावरचा पोळल्याचा डाग. तो पाहून ती दिवसभर जेवली नाही. एका संध्याकाळी आई वावरातून आली आणि हात धुऊ लागली. आजीने तिचा हात धरून उन्हाकडे फिरवला. बोंडाच्या टोकांनी आईची बोटे चिरलेली होती, नखांच्या कडेला रक्त वाळलेले होते. एका माणसाच्या वेचणीने बोटे इतकी चिरत नाहीत, हे आजीइतके कोणाला कळणार?

"माहा कापूस तू निवडत होती न वं?"

आई म्हणाली, "पोळ्या टाकायच्या आहेत मले," आणि आत गेली.

आता डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. तेव्हा बाबा गावातल्या इतर माणसांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतील, आणि माझी वार्षिक परीक्षा त्याच आठवड्यात सुरू होते. आजी म्हणते, एका डोळ्याने भागते, पुढच्या साली पाहू. आई म्हणते, मी जाते, वावर गेले खड्ड्यात. अजून काही ठरलेले नाही. आजी रोज माझे परीक्षेचे वेळापत्रक मागून घेते, उजव्या डोळ्याजवळ धरते. तिला वाचता येत नाही. पण त्यातल्या तारखांचे आकडे ती एकेक करून बोटाने मोजत बसते.