बालाघाटातला समुद्र

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, कोजागिरीचं दूध आटवून झालं, की दिवाळीच्या फराळाला हात घालण्याआधी आपल्याला जेमतेम आठ-दहा दिवस मोकळे सापडतात. मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, पाऊस गेलेला असतो आणि थंडी अजून वेशीबाहेर उभी असते. ऊन मात्र चटका देतं. आपल्याकडे ह्या दिवसांत सहल म्हटली की कुणी तुळजापूर म्हणतं, कुणी माहूर. देवदर्शन घडतं, पण गर्दीही तेवढीच घडते! म्हणून मैत्रिणींनो, ह्या वेळी मी तुम्हाला वेगळी वाट सुचवणार आहे. मराठवाड्यातल्या डोंगरात तळी बघायला चला.

‘मराठवाड्यात कसली आलीत तळी?’ असं म्हणाल. आमच्या शेजारणीनेही असंच म्हटलं. त्यांचं अगदी चूक नव्हतं. आपला सगळा मुलूख काळ्या पत्थराचा. उत्तरेकडच्या डोंगरांत बर्फ वितळून तळी होतात, तशी इथे आपोआप होत नाहीत. बुलढाण्याचं लोणार वेगळं, ते उल्का आदळून झालेलं. आपल्याकडचं जवळजवळ प्रत्येक तळं कुणीतरी माणसांनी, माती-दगड डोक्यावरून वाहून, बांध घालून केलेलं आहे. त्यातलं एक तर हजार वर्षांहून जुनं आहे आणि त्याला चक्क ‘समुद्र’ म्हणतात. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा जगत्तुंग समुद्र!

बालाघाटाची रांग अहिल्यानगरकडून निघते आणि बीड, धाराशिव, लातूर करत नांदेडपर्यंत येते. सह्याद्रीसारखे उंच कडे इथे नाहीत. बुटक्या, सपाट माथ्याच्या टेकड्या आणि त्यांच्यामधल्या उथळ दऱ्या. पण पाणी अडवायला अशीच जागा लागते. दोन टेकड्यांच्या मधोमध बांध घातला की पावसाळ्यात चहूबाजूंचे उतार आपलं पाणी आणून त्यात ओततात. मन्याड नदी ह्याच डोंगरातली. कंधारवरून ती पुढे मांजरेला जाऊन मिळते आणि मांजरा गोदावरीला.

आमचं घर लातूरला आणि वन्सं नांदेडला. एकमेकींकडे जायचं म्हटलं की एकीला पाहुणचार आणि दुसरीला प्रवास. ह्या खेपेला वन्संनीच तोड काढली, “तू इकडून नको आणि मी तिकडून नको, मधे कंधारला भेटू. डबा आपापला आणायचा.” झालं! एका रविवारी आम्ही सहाला निघालो. हे, मी, सासूबाई आणि आमची नववीतली लेक. लातूरहून चाकूर, अहमदपूर करत लोहा आणि तिथून कंधार. चहाला थांबून तीन तास धरायचे. नांदेडहून मात्र तासा-सव्वा तासाचाच रस्ता. एसटीने जायचं असलं तर लोह्याला उतरून कंधारची गाडी धरावी.

रस्त्याने बघण्यासारखं खूप आहे. सोयाबीनची काढणी चालू होती, जागोजागी खळ्यावर मळणीयंत्राचा धुरळा उडत होता. तूर फुलावर यायला लागली होती. बांधाबांधावर तरवड पिवळाधमक फुललेला. वाटेत माळेगाव लागतं. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला इथे घोडे, उंट, गाढवं यांचा केवढा बाजार भरतो, पण आश्विनात देऊळ निवांत असतं. सासूबाईंनी देवळात भंडारा लावून घेतला.

कंधार गावाजवळ पोचलो आणि समोर तळं आलं. सासूबाई गाडीतून उतरल्या त्या बोलल्याच नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, “अगं माय, केवढं पाणी हे!”

आश्विनातलं पाणी बघायला मिळणं हे भाग्यच. श्रावणात ते गढूळ लाल-तपकिरी असतं. अगस्तीचा उदय झाला की पाणी निवळतं असं जुनी माणसं सांगत. तसंच होतं, नवा गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी आरशासारखं होतं. काठावर बगळे ध्यान लावून बसलेले, पाणकावळे पंख पसरून वाळवत असलेले, मधूनच खंड्याचा निळा झपका. थंडी पडू लागली की दूरदेशीची बदकंही उतरतात.

राष्ट्रकूट घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाला ‘कंधारपुरवराधीश्वर’ म्हणत. त्याचा काळ साधारण ९३९ ते ९६७. ह्याच घराण्यातल्या पहिल्या कृष्णाने वेरूळचं कैलास लेणं करवलं, हे आपण शाळेत शिकलो आहोत. राजधानी दूर कर्नाटकात मान्यखेटला, पण कंधारचं वैभव मोठं होतं. इथे सापडलेल्या शिलालेखात ह्या जगत्तुंग समुद्राचा उल्लेख येतो. जगत्तुंग हे त्या घराण्यातलं बिरुद. लेण्याला कैलास म्हणणाऱ्यांनी तळ्याला समुद्र म्हटलं, यात नवल नाही. पण मला वाटतं, दुष्काळी मुलखात ज्याने भरलेलं तळं पाहिलं, त्याला दुसरं नाव सुचलंच नसतं.

तळं बघून झालं की किल्ला बघावा. हा भुईकोट आहे, म्हणजे चढणीचं भय नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या काठी टेकत टेकत सगळीकडे हिंडल्या. भोवती रुंद खंदक आणि त्यात ह्या दिवसांत पाणी. दरवाज्यामागून दरवाजे, जाड बुरूज, आत पडके महाल. राष्ट्रकूटांनंतर यादव आले, बहामनी आले, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी संपली. राज्यं आली नि गेली, तळं तेवढं ज्याच्या-त्याच्या प्रजेला पाणी देत राहिलं. गावात सय्याह सरवर मगदूम यांचा मोठा दर्गा आहे, तिथेही सर्व जातिधर्मांची माणसं जातात.

जेवायला आम्ही सावलीची जागा धरली. वन्संनी धपाटे आणि घट्ट दही आणलं होतं, मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. एक सांगते, प्रवासाला दशमीसारखं दुसरं काही नाही. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. धपाट्यांना ज्वारीच्या पिठात थोडं बेसन आणि कणीक घालावी, लसूण-मिरची वाटून, तीळ-ओवा टाकून ओल्या फडक्यावर थापावेत. तेल सुटणारी भाजी मात्र नेऊ नये, उन्हात बिघडते.

जेवताना एक गोष्ट घडली. वन्संच्या मुलाने अर्धा पेला पाणी पिऊन उरलेलं सहज मागे फेकलं. आमच्या लेकीने झटकन त्याचा हात धरला, “अरे, झाडाला तरी घाल!” तो हसला. नांदेडची मुलं ती! गोदावरी दाराशी, विष्णुपुरीचं धरण उशाला. ती हसली नाही. जरा वेळाने तिने मला विचारलं, “आई, मला तेव्हा आत्याकडे का ठेवलं होतं? मी जास्त पाणी वापरायचे म्हणून?”

माझा घास हातातच राहिला. २०१६चा उन्हाळा. ती पाच वर्षांची होती. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाला पाणी नाही, टँकरपुढे घागरींच्या रांगा. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात १४४ कलम लागलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची पहिली रेल्वे आली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन, साडेतीनशे किलोमीटरवरून. ‘जलदूत’ म्हणून साऱ्या देशाने तिचे फोटो पाहिले. ती यायच्या आधीच आम्ही लेकीला दोन महिन्यांसाठी नांदेडला पोचवलं होतं. लातुरातल्या कितीतरी घरांनी तेव्हा मुलं आजोळी, मावशीकडे, आत्याकडे पाठवली. पण पाच वर्षांच्या जिवाने त्याचा काय अर्थ लावला असेल, हे कुणाच्या ध्यानात येणार!

मी काही बोलायच्या आतच वन्सं म्हणाल्या, “वेडी आहेस का? तुझी आई रात्री दोनला उठून रांगेत उभी राहायची. घरात तुला एकटीला कसं सोडायचं? म्हणून मीच मागून घेतलं तुला.” आणि सासूबाईंनी पुस्ती जोडली, “तू गेलीस तर घर खायला उठायचं. पाणी कमी होतं ग, माया न्हवती कमी.” लेक काही बोलली नाही, पण उठून आजीच्या मांडीला टेकून बसली. इतक्या वर्षांचा तिच्या मनातला तो गाळ एवढ्याशा बोलण्याने खाली बसला. घरातल्या घरात हे बोलणं कधी निघालं नसतं, असं मला वाटतं. कामं असतात, शिकवणी असते, टीव्ही असतो. घराबाहेर झाडाखाली सतरंजी पसरली की माणसं बोलतात. सहलीचा खरा उपयोग हाच.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरलं, हेही मी तिला सांगितलं. आपल्याकडे पाणी रुसतं तसं रागावतंही. २०२५च्या ऑगस्टमध्ये शेजारच्याच मुखेड तालुक्यात पुराने गावं वेढली आणि माणसं गेली. कोरड आणि पूर दोन्ही सोसायचे, तर मधे पाणी साठवणारी तळी हवीत, आणि ती गाळाने भरता कामा नयेत. २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना आहे. तळ्यातला गाळ काढायचा आणि शेतात पसरायचा. तळं खोल होतं, शेत सुपीक होतं. आपल्या आज्या पोतेऱ्याला नि चुलीला तळ्यातली चिकणमाती आणत, तेव्हा त्याही थोडंबहुत हेच करत असणार, नाही का?

परतताना लिंबोटीला गेलो. लोहा तालुक्यात मन्याड नदीवरचं हे धरण. कंधारचं तळं जुनं, घरगुती वाटतं, आणि लिंबोटी एकदम अफाट. मावळतीला पाणी केशरी झालं होतं. इथलं पाणी नळाने अहमदपूर-उदगीरकडे जातं. मुलांना हे मुद्दाम दाखवावं. नळ सोडला की पाणी येतं एवढंच त्यांना ठाऊक असतं. ते कुठल्या डोंगरातून, कुणाच्या शेतावरून येतं, हे डोळ्यांनी बघितलं की शिकवायची गरज उरत नाही.

आता जायचंच ठरवलंत तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

तळ्याला कठडा नसतो. काठ कोरडा दिसला तरी खाली गाळ असतो आणि त्यात पाय रुततो. भरलेल्या तळ्यात, पोहता येणाऱ्यानेही, उतरू नये. मुलांना पाय भिजवायचे तर एका मोठ्या माणसाने हात धरूनच. फोटोच्या नादात मागे मागे सरकू देऊ नका. किल्ल्यात पडक्या भिंतींवर आणि गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटावी, ह्या दिवसांत साप असतात. खंदकाच्या कडेलाही तीच सावधगिरी.

सकाळी तळं, दुपारच्या आत किल्ला आणि उतरत्या उन्हात धरण, असा क्रम ठेवा. टोपी किंवा पदर डोक्यावर हवाच, आश्विनाचं ऊन फसवं असतं. पिण्याचं पाणी घरून न्यावं, माणशी दोन लिटर. तळ्याकाठी भरपूर पाणी दिसतं, पण ते प्यायचं नसतं. धरणाच्या भिंतीवर जाऊ देतात की नाही, हे तिथल्या राखणदाराला विचारावं. पाणी सोडत असतील तर दरवाज्यांच्या खालच्या बाजूला मुळीच थांबू नये.

पत्रावळी आणि प्लास्टिक तिथे टाकू नका. एक रिकामी पिशवी डब्याबरोबरच घ्या आणि कचरा गोळा करून घरी आणा. ज्या पाण्यावर चार गावं जगतात, त्यात आपली शिळी चटणी कशाला?

आणि बरोबर घरातलं एक म्हातारं माणूस अवश्य न्या. त्यांना दम लागेल, म्हणून आपण त्यांना घरी ठेवतो. पण पाणी बघून काय वाटतं, हे सांगावं तर आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांनीच. लिंबोटीहून निघताना सासूबाई गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, “येळवशीला शेतात जातोच ना आपण, तसं वर्षातून एकदा तळ्यावरबी यावं. भरलंय का नाही, बघून जावं.”

आमच्याकडे आता तसं ठरलं आहे. पुढच्या वर्षी धपाटे मी नेणार, दशम्या वन्सं आणणार.