खडूची बायलाइन

तुझी पहिली बायलाइन कुठे आली, असं कुणी विचारलं की मी पुण्यातल्या एका पुरवणीचं नाव सांगते. खोटं. माझी पहिली बायलाइन खडूने लिहिलेली होती, रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या फळ्यावर. आणि तिच्यात एक चूक होती. पुढे मास कॉम केलं, फ्रीलान्सिंगमध्ये पडले, चुका भरपूर केल्या. पण मध्यरात्री पंख्याकडे बघताना आठवते ती हीच.

फ्लॅशबॅक. साल २००६. चौथीपर्यंतची शाळा, जांभ्याच्या भिंती, कौलं, समोर अंगण, कडेला रातांबा. एक गुरुजी, एक बाई. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. तिसरीचा पाढा चालू असताना आम्ही चौथीवाल्यांनी शुद्धलेखन लिहायचं. हल्ली कॅफेत ब्लेंडर घुर्रर्र करत असतानाही मी आठशे शब्द पाडते म्हणून मित्रमंडळी इम्प्रेस होतात. सगळं ट्रेनिंग तिथलं आहे.

रोज सकाळी परिपाठ. झेडपीच्या शाळेत शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि मग बातम्या. बातम्यांचं खातं माझ्याकडे. गुरुजींकडे आदल्या दिवशीचा ‘रत्नागिरी टाइम्स’ असायचा, त्यातून तीन बातम्या निवडायच्या, फळ्यावर लिहायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. एक देशाची, एक जिल्ह्याची, एक क्रीडा वार्ता. खाली लिहायचं, ‘संकलन’, आणि माझं नाव. मार्च २००७मध्ये वर्ल्ड कपात बांगलादेशने आपल्याला हरवलं, ती बातमी मी इतक्या रडक्या आवाजात वाचली की पहिलीतली पोरं खरंच रडायला लागली. टीव्ही अँकर व्हायला हवं होतं मी!

पण खरी गोष्ट त्याच्या आधीच्या डिसेंबरातली. हिवाळी क्रीडा स्पर्धांचा सीझन. झेडपीच्या शाळांचं हे एक भन्नाट प्रकरण असतं. आधी केंद्राच्या शाळा आपसात खेळतात, तिथून जिंकलेले वर, मग तालुका, मग जिल्हा. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणं. आमच्या मुलींचा खो-खो संघ केंद्रात जिंकून तालुक्याला निघाला होता. आमची स्टार म्हणजे माझी बेंचमेट... बेंच कसला, बस्करपट्टी. आम्ही दोघी एका पट्टीवर बसायचो. ती धावायला लागली की समोरच्या टीमला कळायचंच नाही की ही कुठल्या पाटीवरून उठली. नववी खेळाडू मी. नववी म्हणजे संघात नऊ लागतात म्हणून मी. एवढंच माझं क्रीडाक्षेत्रातलं योगदान.

त्याच वर्षी माझी चौथीची स्कॉलरशिप होती. भाषा, गणित, बुद्धिमत्ता चाचणी. ‘वर्गात पहिली येते’ असा शिक्का बसलेल्या पोरीकडे घरातले कुठल्या नजरेने बघतात, ते तुमच्यापैकी अर्ध्यांना पाठ असेल. तालुक्याच्या सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या बाबांनी शाळेत येऊन सांगितलं, ही येणार नाही, हिचा सराव पेपर आहे. मला वाईट वाटलं का? खरं सांगू, सुटले असं वाटलं. माझ्या जागी तिसरीतली एक चिमुरडी घेतली.

आम्ही हरलो. एका गुणाने. मी घरी ‘आरशातील प्रतिमा ओळखा’ सोडवत होते. संध्याकाळी टेम्पो परत आला तेव्हा पोरं ओरडत होती, हिच्यामुळे हरलो, हिच्यामुळे हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर लिहिलं, ‘शेवटच्या मिनिटाला’ अमुकअमुकने ‘केलेल्या फाऊलमुळे आपल्या शाळेचा पराभव.’ नावासकट. वळणदार अक्षरात. आणि मग वाचलं. ती रांगेत समोरच उभी होती, मान खाली. गुरुजी म्हणाले, ‘अक्षर छान.’ विषय संपला.

ती त्यानंतर वर्षभर माझ्या पट्टीवर बसली नाही. स्कॉलरशिपचं म्हणाल तर मी पास झाले, गुणवत्ता यादीत नाव आलं नाही.

कट टू डिसेंबर २०२३. मी एका स्टोरीसाठी रत्नागिरीला गेले होते. विषय होता शिक्षकांच्या बदल्या. त्या वर्षी आंतरजिल्हा बदल्यांमध्ये शेकडो शिक्षक एका झटक्यात रत्नागिरी जिल्ह्यातून आपापल्या गावांकडे गेले होते. त्यांचंही चूक नाही हो, माणूस पंधरा-पंधरा वर्षं घरापासून दूर राहिला की तो जाणारच. पण इकडे शाळांना कुलूप लागायची पाळी आली, म्हणून गावोगावच्या डी.एड. झालेल्या तरुण मुलामुलींना मानधनावर तात्पुरतं घेतलं. आई फोनवर म्हणाली, आपल्या शाळेत पण एक लावल्येय. कोण, ते मुद्दाम सांगितलं नाही असा माझा अजून संशय आहे.

मी अंगणात पोचले तर रातांब्याखाली ही उभी. साडी, गळ्यात शिट्टी.

‘काय गो, वाट बरी सापडली?’

पटावर अकरा मुलं. आमच्या वेळी चाळीसच्या आसपास होतो. बाकीची कुठे गेली विचाराल, तर काही मुंबईला, काही निवळी फाट्यापुढच्या इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये. त्याच वर्षी छोट्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायची चर्चा सरकारी पातळीवर सुरू झाली होती आणि वीसच्या आतल्या प्रत्येक शाळेला धडकी भरली होती. अकरा म्हणजे तर अगदीच टांगती तलवार.

‘खो-खो घेतेस का?’ मी विचारलं.

‘नऊ लागतात,’ ती म्हणाली. ‘मुली पाच आहेत.’

पाच मुली, सहा मुलगे मिळून ती अंगणात एक पाटी बसवायची. स्पर्धेला मात्र फक्त धावायला पाठवता आलं. त्यातली एक चौथीतली मुलगी नुकतीच केंद्रातून वर गेली होती. काटकुळी, पायात चपला नाहीत, आणि वाचनात सॉलिड अडकलेली.

हे मला तिने दाखवलं. तिच्याकडे एक कार्ड होतं, वर अक्षरं, खाली शब्द, मग सोपा परिच्छेद, मग गोष्ट. २००५पासून ‘प्रथम’ संस्थेची माणसं ‘असर’च्या पाहणीत खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन असंच कार्ड मुलांपुढे धरत आली आहेत. मूल कितवीत आहे ते बाजूला ठेवायचं, कुठल्या ओळीवर थांबतं ते बघायचं. ही मुलगी शब्दांवर थांबली. जोडाक्षर आलं की गप्प. २०१०पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक आणि संकलित असे दोन कप्पे झाले, नापास करणं बंद झालं. मला ते मनापासून बरं वाटलं होतं. (नापासाचा शिक्का बसून घरी बसलेल्या दोन मावशा आहेत मला.) पण नोंदवहीत ‘वाचनाची आवड आहे’ असं सुबक लिहून मूल पुढे सरकवता येतं, हेही खरं. आमच्यासारख्यांच्या अप्रेझलमध्ये ‘गुड टीम प्लेयर’ लिहितात ना, तसंच काहीसं.

आणि वरच्या टोकाला वेगळीच शर्यत. झेडपीने त्याच वर्षी चाचण्या घेऊन निवडलेल्या मुलांना इस्रो आणि थेट अमेरिकेत नासा दाखवायला नेलं होतं. ज्या पोराने विमान फक्त डोक्यावरून जाताना बघितलं ते विमानात बसलं, याचा मला जाम अभिमान वाटला. तीही म्हणाली, छानच झालं. मग कार्ड घडी घालत म्हणाली, ‘पण हिला कुठे नेऊ?’

दुसऱ्या दिवशी परिपाठाला तिने त्या मुलीलाच बातम्यांना उभं केलं. देशाची नाही, जिल्ह्याची नाही. एकच बातमी, क्रीडा वार्ता, मुलीने स्वतः लिहिलेली. ‘मी धावले. माझा तिसरा क्रमांक आला.’ ‘क्रमांक’वर गाडी थांबली. दहा पोरं शांत. मी पाठीमागे उभी, ओठांनी ‘क्र, क्र’ करतेय. बाईंनी डोळ्यांनी मला गप्प केलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, बराच. मग आलं, ‘क्र...मां...क.’ तिने मग खालचं आपलं नावही वाचलं, एकदम खणखणीत.

मधल्या सुट्टीत मी विषय काढला. सतरा वर्षांनी. सॉरी म्हणाले.

‘फाऊल मी केलाच नव्हता,’ ती म्हणाली, खिचडी वाढता वाढता. ‘मी पाठीला हात लावायच्या आधीच ती तिसरीतली उठली. घाबरली होती गो. एक दिवस सुद्धा पाटीवर बसली नव्हती. शिट्टी झाली, मला उलटीकडे फिरायला लागलं, समोरची निसटली.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘ती सात-आठ वर्षांची होती. तिचं नाव लिहिलं असतंस फळ्यावर.’

तिसरीतली चिमुरडी कुणाच्या जागेवर बसली होती, हे आम्ही दोघीही बोललो नाही. त्या सकाळी ती पायाला फडकं बांधून खेळली होती, हेही मला तिथेच कळलं. माझ्या बातमीत नव्हतं. कसं असेल, मी तिथे नव्हतेच.

२०२४मध्ये भरतीचे नवे शिक्षक आले आणि तिचं मानधन थांबलं. हे होणारच होतं, तिलाही माहीत होतं. नवे गुरुजी चांगले आहेत म्हणते. ती आता घरी शिकवणी घेते, संध्याकाळी पोरांना अंगणात पळवते. जानेवारी २०२५मध्ये खो-खोच्या पहिल्या वर्ल्ड कपात आपले दोन्ही संघ जिंकले, महिलांची कॅप्टन आपली महाराष्ट्राची प्रियंका इंगळे, त्या रात्री तिचा मेसेज आला, ‘उद्या फळ्यावर लिहिशील का?’ आणि शेवटी दात काढणारे तीन पिवळे गोळे. त्याच वर्षी स्कॉलरशिप पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय झाला, तेव्हा मात्र मेसेज नव्हता, डायरेक्ट फोन. आता तिच्या शिकवणीतल्या मुलींचे बाबा येऊन विचारायला लागलेत, खेळ बंद करू का?

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी तिची परवानगी मागितली. म्हणाली, नाव टाकू नको. आणि या वेळी आधी मला वाचून दाखव.

काल रात्री फोनवर सगळा वाचला. तिने शांतपणे ऐकला आणि एक दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं, पाय मुरगळला होता.

‘मुरगळला नव्हता. अंगठ्याचं नख निघालं होतं. डाव्या.’