खमंगपणाचा मोह

धान्य हातात आलं की माझा हात कढईकडे वळतो. आमच्या घरी वास सुटेपर्यंत भाजल्याशिवाय पीठ दळत नसत. बाळासाठी मोडाच्या ज्वारीचं सत्त्व करताना मला ही सवय मोडावी लागली.

ज्वारी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस बांधते. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होतं आणि साठवलेल्या स्टार्चच्या लांब साखळ्या कातरून त्यांची माल्टोजसारखी साखर करू लागतं. पायेन आणि पर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३३ मध्ये मोडाच्या सातूतून ते वेगळं केलं होतं. वर्ध्याच्या उन्हात दाणे लवकर वाळतात. मग मोड आणि मुळं चोळून, पाखडून पार काढायची. इथे घाई अजिबात नको. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते त्यानेच.

पहिल्या खेपेला हे दाणे मी खमंग भाजले. वास सुरेख आला, पण त्यांचं पीठ घातलेली पेज पातळ व्हायची ती घट्टच राहिली. विकर म्हणजे प्रथिन. ते कढईतच मेलं होतं. पुढच्या खेपेला न भाजलेलं पीठ उकळत्या पेजेत टाकलं. तेही फुकट गेलं.

आता साध्या पिठाची पेज आधी पूर्ण शिजवते, कारण कच्च्या स्टार्चला विकर सहज भिडत नाही. मग भांडं उतरवून ती साठ-पासष्ट अंशांवर येऊ देते आणि मोडाचं चमचाभर पीठ घालते. पळी आधी जड फिरते. हळूहळू कडा सुटतात आणि काही मिनिटांत धार लागते. पाण्याचा एक थेंबही वाढवलेला नसतो! हे कितीदा पाहिलं तरी माझा हात क्षणभर थांबतो.

बाळाचं पोट वाटीएवढं. घट्ट पेज त्याला गिळवत नाही, पातळ केली तर पोटात पाणीच जातं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी याच अडचणीवर मोडाच्या पिठाचा उपाय अभ्यासला. आमच्या वर्ध्यातल्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला, तोही दाण्यातलं पोषण ताटापर्यंत पोचावं म्हणूनच. मोडाचं पीठ मला त्याच घरातलं वाटतं.

शेवटी पेजेला पुन्हा एक सणसणीत उकळी देते. ओल्या फडक्यात जंतूही वाढलेले असतात. विकराचं काम तोवर झालेलं असतं. मग ती निववून वाटीत ओतते. आता तेवढ्याच पाण्यात मी पूर्वीच्या दुप्पट पीठ घालते, तरी ती चमच्यावरून सरळ ओघळते.