ढिला दोर

ताणलेल्या दोराची मला कधी भीती वाटली नाही. धास्ती ढिल्या दोराची. होडी एका लाटेच्या माथ्यावर, पिछाडीला दोराने सोडलेला ड्रोग, म्हणजे वेग रोखणारा कापडी शंकू, मागच्या लाटेच्या माथ्यात. दोघंही एकाच दिशेला ढकलले जातात, दोर लोंबतो आणि नेमकी तेव्हाच होडी आडवी व्हायला बघते.

अंगठ्यांचे सांधे धरले तेव्हा मुंबई सोडून सूर्यमाळला आलो. शंकू शिवताना शिडाच्या जाड कापडातून सुई आता इथला एक पोरगा ओढतो. समुद्र त्याने पाहिलेला नाही. टाका मात्र माझ्यापेक्षा सरळ, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात ओढा भरला की आम्ही शंकू सोडून बघतो. कापड फुगतं, दोर हाताला काचतो, मी खूश. पण वाहता ओढा दोर ढिला पडूच देत नाही. परवा पोरगा दोराचं टोक धरून प्रवाहाबरोबर खाली धावला. माझा मोठा शंकू चपटा झाला, उलटला आणि कितीतरी वेळ तसाच लोळत राहिला. त्याच्या हातचे करवंटीएवढे शंकू लगेच भरले.

ड्रोगवर काम केलेल्या डोनाल्ड जॉर्डनने हेच सांगून ठेवलंय. 1979च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत वादळाने 15 स्पर्धक गेले, त्यानंतर तो या कामाला लागला. लांब दोरावर शंभरेक छोटे शंकू ओवा, शेवटाला साखळीचं वजन द्या. वरचे ढिले पडले तरी खोलातले धरून ठेवतात. मला सगळं पाठ आहे. पण एकच मोठा शंकू शिवण्यात जी ऐट आहे, ती शंभर टोपडी शिवण्यात नाही.

वादळात होडीच्या नाळेवरून पाण्यात पॅराशूट सोडणाऱ्यांशी माझं जमत नाही. होडी मागे सरकली की सुकाणूवर उलटा मार बसतो. दोर कापून मोकळं पळा म्हणणारे मोइतेसिए या दर्यावर्द्याचा दाखला देतात. त्याने 1965-66च्या सफरीत पिछाडीचे दोर कापले, खरंय. पण नॉक्स-जॉन्स्टन 1968-69मध्ये ज्या होडीतून एकट्याने, न थांबता जगाला फेरी घालून आले, ती ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली, सागवानी. वादळात पिछाडीला दोर सोडूनच तिने दक्षिणेतल्या लाटा काढल्या. माझा कल मुंबईकडे असणारच.

2018च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत सूझी गुडॉलची होडी कोलांटली, तेव्हा मागे छोट्या शंकूंचाच ड्रोग होता, हे मी पोराला दोनदा ऐकवलं.

“काका, शंकू फाटले का दोर तुटला?”

“दोर,” म्हणावं लागलं.

तो पुन्हा शिवायला बसला. मी मोठ्या शंकूच्या तोंडाला वेताचं कडं बसवून बघणार आहे.