फोटो काढण्याआधी

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जाताना वाटेत केदारखेडा लागतं. कापूस, मका, सोयाबीनचा हा पट्टा. इथल्या माणसाला पहिला सल्ला गावातला नाहीतर जवळच्या बाजारपेठेतला डॉक्टर देतो. सोनोग्राफी, सीटी म्हटलं की मात्र भोकरदन, जालना किंवा थेट छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. रुग्णाची मजुरी बुडते, सोबत आलेल्याची बुडते, गाडीभाडं वेगळं. 'फोटो काढून आणा' असं चिठ्ठीवर लिहायला डॉक्टरला क्षणभर लागतो, आणि त्या क्षणाची किंमत घरातली दोन माणसं मोजतात.

मी क्ष-किरणतज्ज्ञ आहे. फॅमिली मेडिसिनचे निवासी डॉक्टर माझ्या विभागात शिकायला येतात. फॅमिली मेडिसिन हा एमबीबीएसनंतरचा तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम. यातून बाहेर पडणारा डॉक्टर उद्या केदारखेड्यासारख्या गावातल्या माणसांचा पहिला डॉक्टर असणार. माझ्या विषयाचा सगळा पसारा त्याला शिकवणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. तरी बहुतेक ठिकाणी त्याला आमच्या विभागात काही आठवडे एका कोपऱ्यात बसवतात. आम्ही भराभर रिपोर्ट सांगत जातो, तो मान डोलावत राहतो. यातून त्याच्या हाती फारसं काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी सुरुवात चिठ्ठीपासून करते. 'खोकला, छातीचा एक्स-रे' एवढंच लिहिलेली चिठ्ठी मी परत देते. खोकला किती आठवड्यांचा? ताप संध्याकाळी येतो का? वजन उतरलंय? विडी? पूर्वी क्षयरोगाची औषधं घेतली होती का? मग आणखी एक काम. फिल्म बघण्याआधी कागदावर लिहायचं: मला काय दिसेल असं वाटतं, आणि फिल्म अगदी स्वच्छ निघाली तर मी काय करणार आहे. दोन्ही निकालांनंतर औषध तेच राहणार असेल तर रुग्णाला कशाला पाठवायचं? नुसत्या छातीच्या एक्स-रेला किरणांचा डोस फार नाही, साधारण ०.०२ मिलीसिव्हर्ट. पोटाच्या सीटीत तो आठ-दहा मिलीसिव्हर्टपर्यंत जातो. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात, यावरून अंदाज यावा.

कधी फोटो काढायचा नाही हे शिकवायला पाय मुरगळलेल्या माणसाइतकं चांगलं उदाहरण नाही. शेताच्या बांधावरून घसरून घोटा सुजलेला रुग्ण रोजचाच. कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी नियम मांडले. घोट्याच्या बाहेरच्या आणि आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत बोटानं दाबून बघायचं. टोकावरही दाबायचं. तिथे दुखत नसेल आणि रुग्ण चार पावलं टाकू शकत असेल, लंगडत का होईना, तर घोट्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. पावलाच्या मधल्या भागासाठी अशाच आणखी दोन जागा आहेत. हे सगळं अंगठ्यानं करायचं. मी प्रत्येक निवासी डॉक्टरला आधी स्वतःच्या घोट्यावर ती कड शोधायला लावते. बरेच जण पुढच्या स्नायुबंधावर दाबतात. तिथे मुरगळलेल्या प्रत्येक माणसाला दुखणारच.

आता उलट बाजू. जिथे फोटो काढायलाच हवा तिथे कुचराई नको. २०१९ ते २०२१ दरम्यान देशभर क्षयरोगाचं सर्वेक्षण झालं. छातीचा एक्स-रे काढला नसता तर त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते, असं त्यातून दिसलं. म्हणजे खोकला-ताप विचारून थांबलो असतो तर जवळजवळ निम्मे सापडलेच नसते. आता हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रं गावात येऊ लागली आहेत आणि फिल्म संगणक वाचतो. पंधरा वर्षं आणि त्यावरील माणसांच्या क्षयरोग तपासणीत अशा संगणकीय वाचनाचा वापर करायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली. मला याचा आनंद आहे. पण संगणकानं लाल खूण केली म्हणून औषध सुरू करायचं नसतं. थुंकी तपासायची असते, आणि फिल्म आपल्या डोळ्यांनी वाचायची असते.

ती कशी वाचायची? आधी नाव, तारीख, डावी-उजवी खूण. मग रुग्णानं श्वास पूर्ण घेतलाय का ते बघायचं: छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. गळपट्टीच्या दोन्ही हाडांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत ना? नसतील तर रुग्ण वळून उभा होता, आणि एका बाजूचं फुफ्फुस उगाच काळं दिसणार. एवढं झाल्यावरच फुफ्फुसांकडे वळायचं. आणि तिथे जिथे नजर आपणहून जात नाही तिथे ती मुद्दाम न्यायची: गळपट्टीच्या हाडांमागची टोकं, हृदयाच्या मागची जागा, फुफ्फुसांची मुळं, पडद्याच्या घुमटांखालचा भाग. उजव्या घुमटाखाली केसासारखी काळी रेघ दिसली तर ती बाहेर सुटलेली हवा असू शकते. पोट फुगलेल्या, कण्हणाऱ्या रुग्णात तिचा अर्थ आतड्याला किंवा जठराला भोक पडलंय, आणि त्याला त्याच वेळी शल्यचिकित्सकाकडे न्यायला हवं.

एक गोष्ट सापडली की डोळा थकतो. मोडलेली बरगडी दिसली की डॉक्टर समाधानानं मागे सरकतो आणि टोकाला थोडंसं मिटलेलं फुफ्फुस राहून जातं. म्हणून बरगडी दाखवल्यावर मी 'बरोबर' म्हणत नाही. 'आणखी?' म्हणते.

जुनी फिल्म मागायची सवय मात्र मला सगळ्यांत मोलाची वाटते. एका आजोबांच्या उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला पांढरट रेषा आणि गाठी होत्या. आमच्या निवासी डॉक्टरनं क्षयरोग म्हटलं, आणि त्या फिल्मवरून ते चूक नव्हतं. "आजोबा, आधी कधी फोटो काढला होता का?" असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, "हाय ना, पेटीत ठेवलाय." दुसऱ्या खेपेला त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कडा पिवळ्या पडलेली फिल्म आणली. दोन्ही शेजारी लावल्या. तेच टोक, त्याच रेषा, तेवढ्याच गाठी. जुन्या, भरून आलेल्या आजाराचा व्रण होता तो. थुंकी तरीही तपासली, जंतू नव्हते. सहा महिन्यांची औषधं टळली. गावातल्या डॉक्टरला त्या पेटीचा पत्ता माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असतो.

सोनोग्राफीचा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर मला सविस्तर बोलायचं आहे. निवासी डॉक्टर विचारतात, "मॅडम, अमेरिकेत फॅमिली फिजिशियन खिशात प्रोब घेऊन फिरतात, आम्हाला का नाही?" प्रश्न रास्त आहे. तिथल्या फॅमिली फिजिशियनांच्या अकादमीनं निवासी डॉक्टरांसाठी रुग्णाजवळच करायच्या सोनोग्राफीचा अभ्यासक्रमही आखला आहे. पण आपण मराठवाड्यात आहोत. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ज्या यंत्रानं फुफ्फुसातलं पाणी दिसतं त्याच यंत्रानं गर्भाचं लिंगही दिसतं. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, १९९६ पासून लागू झाला, २००३ मध्ये आणखी कडक झाला. यंत्राची नोंद, जागेची नोंद, गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीमागे एफ फॉर्म. हातात मावणारं यंत्र पिशवीत टाकून वस्तीवर जाता येत नाही. हा कायदा ढिला करा असं मी कधीही म्हणणार नाही. ज्या समाजात मुलींची अशी कत्तल झाली तिथे डॉक्टरच्या सोयीला दुसरं स्थान असलं पाहिजे.

मग शिकवायचं कसं? नोंदणी झालेल्या खोलीत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आणि फुफ्फुस, मूत्राशय, पोटातलं पाणी अशा मोजक्या प्रश्नांसाठी. फुफ्फुसापासून सुरुवात केली तर हात लवकर बसतो. प्रोब दोन बरगड्यांच्या आडवा, त्वचेला काटकोनात धरायचा, करंगळी छातीवर टेकवायची म्हणजे हात घसरत नाही. यंत्राच्या पडद्यावर बरगड्यांच्या दोन काळ्या सावल्या येतात आणि त्यांच्यामध्ये, थोडी खाली, चमकदार रेघ. ते फुफ्फुसाचं आवरण. श्वासाबरोबर ती रेघ मुंग्यांच्या रांगेसारखी सरकताना दिसली तर त्या जागी फुफ्फुस छातीला टेकलेलं आहे. सरकत नसेल तर मध्ये हवा शिरली असेल, पण इतर कारणंही असतात, ती पडताळायची. रेघेपासून थेट तळापर्यंत उभे पांढरे पट्टे उतरत असतील तर फुफ्फुसात ओल आहे: दोन्हीकडे असतील तर हृदयाचा विचार आधी, एकाच जागी असतील तर न्यूमोनियाचा. फ्रान्सच्या डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये दम लागलेल्या रुग्णांसाठी याच खुणांची पायरीवार पद्धत मांडली. 'मला दिसलं नाही' आणि 'तिथे नाही' यांतला फरक निवासी डॉक्टरच्या तोंडून रिपोर्टमध्ये उतरेपर्यंत मी त्याला सोडत नाही.

उरतो तो दुसऱ्याचा रिपोर्ट रुग्णाला समजावून सांगण्याचा भाग. कंबरदुखीचं एमआरआय घेऊन आलेली बाई म्हणते, "मणक्यात गॅप पडलाय म्हणे, आता ऑपरेशन का?" २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष मी इथे सांगते. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये चकत्यांची झीज दिसते. झीज हे वयाचं लक्षण आहे. लघवीवरचा ताबा सुटणं, पायातली ताकद जाणं, ताप, उतरतं वजन, पूर्वीचा कर्करोग, ही धावपळीची कारणं. त्या बाईंना यातलं काही नसेल तर "ताई, ऑपरेशनची गरज नाही, चालत राहा" हे वाक्य ठामपणे म्हणायला डॉक्टरला आधी स्वतःचा धीर लागतो. तो धीर शिकवता येतो.

जालन्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. पुढेमागे तिथे फॅमिली मेडिसिनचे निवासी डॉक्टर येतील अशी मला आशा आहे. तसं झालं तर इमेजिंगचं शिक्षण एका सलग महिन्यात उरकू नका, एवढी माझी मागणी आहे. पहिल्या वर्षी त्याला पुरेसे रुग्णच भेटलेले नसतात, फिल्म बघून मनात प्रश्न उठत नाही. तिन्ही वर्षं आठवड्यातला एक दिवस द्या. भोकरदनच्या ओपीडीतून त्यानं पाठवलेल्या रुग्णाची फिल्म त्यानं स्वतः लावावी, माझ्याआधी स्वतःचा रिपोर्ट लिहावा, मग मी लिहीन. महिन्यानं तोच रुग्ण फेरतपासणीला आला की दोन फिल्म आणि आमचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून आम्ही पुन्हा बसू.